फाईल न उघडणारे सर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि घरात पाठची तीन भावंडं सांभाळायला होती, म्हणून तिथंच थांबलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. अक्षर तर असं, की दुधाच्या कॅनवर रंगानं नंबर टाकते तेच इथंही उतरतं, मोठं आणि एका अंगाला कललेलं. ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच तर एवढं समजून घ्यावं. दाखवायला म्हणून लिहीत नाही. एका माणसानं मला तीन वर्षं इतका वैताग दिला, की तो तोंडानं सांगता येत नाही म्हणून कागदावर उतरवते आहे.

त्यांना सगळे सर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. आमच्या गावच्या दूध संस्थेत कॉम्प्युटरवर बसायचे, आणि गावात कॉम्प्युटर तेवढा एकच, म्हणून सर. युसूफ वडगाव म्हणून गाव आहे, तिकडचे होते. मधे पुण्याला कुठल्या कंपनीत होते, तिथून का आले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी संस्थेत झाडलोट करायचे, कॅन धुवायचे. मी कुणालाच काही विचारत नसे. परकं माणूस समोर आलं की माझा पदर आपोआप पुढं यायचा आणि आवाज आत जायचा.

सरांच्या खिशात पेन नसायचं, दात घासायचा जुना ब्रश असायचा. सकाळी आले की पहिली पंधरा मिनिटं त्या ब्रशनं कॉम्प्युटरची बटणं घासायची. दुष्काळाचं वर्ष, धूळ काय थांबते का. घासून पाठ वळवली की पुन्हा बसायची, हे पुन्हा घासायचे. त्यांच्या हातात कागद द्यायचा तर देणाऱ्यानं आधी हात धुवायचे. टँकर आठ दिवसांनी यायचा. कॅन कमीत कमी पाण्यात कसे निघतील याची मला रोजची चिंता, आणि यांना कागदागणिक तांब्याभर पाणी. मी द्यायचे. मनात काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही.

दुसरी खोड अशी, की एक ओळ लिहून झाली की बटण दाबायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "ठेवलं." लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक ओळ ठेवायची. हजार ओळींची यादी असली तर हजार वेळा "ठेवलं". ती सवय इतकी हाडात गेली होती की चहाचा कप खाली टेकवतानाही म्हणायचे. दूध घालायला आलेली माणसं रांगेतून ओरडायची, "सर, आमचंबी ठिवा की." सर मान वर न करता म्हणायचे, "तुमचं अजून फॅट लागलेलं नाही."

जे काही लिहायचं ते सर एकाच जागी लिहायचे. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, ना चित्र ना रंग. त्याला ते एडिटर म्हणायचे. कॉम्प्युटरमधली लिहायची वही, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. संस्थेचे सेक्रेटरी, त्यांना गाव नाना म्हणायचं, ते एकदा बोलले, "सर, तालुक्याला समदे चौकटी-चौकटीच्या पोग्राममधी लिवत्यात. तुमचं हे काळं काय हाय, मसणवट्यावानी?"

सर म्हणाले, "नाना, हे साधं आहे. साध्यात लपायला जागा नसते."

हे पुढं खोटं निघालं.

त्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. माणसं ऊसतोडीला नेहमीपेक्षा लवकर गेली. माझे मालकही टोळीबरोबर कोल्हापूरकडं गेले. दरवर्षी मीही जायचे, त्या वर्षी राहिले, कारण आमची गाय गाभण होती. चांदी नाव तिचं. तांबडी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. घरात जनावर म्हणून तेवढंच. ती व्याली की घरात रोजचा पैसा येणार आणि पुढच्या वर्षी मला कोयता घेऊन जावं लागणार नाही, असा माझा बेत होता. तो मी मालकांनाही सांगितला नव्हता.

संस्थेनं गायरानावर जनावरांची छावणी काढली. लांबच लांब दावणी, दावणीला खुंटे, प्रत्येक खुंट्याला नंबर. जनावर आलं की सर त्याला खुंटा द्यायचे आणि मालकाला चिठ्ठी. चिठ्ठीवर खुंट्याचा नंबर आणि संस्थेचा शिक्का, बस. नाना म्हणाले नाव टाका. सर म्हणाले, "छावणीत एकाच आडनावाचे चार ज्ञानोबा आहेत. नाव चुकतं, नंबर चुकत नाही." चिठ्ठी दाखवली की चारा मिळायचा, आणि जनावर न्यायचं झालं तर गेटवर तीच दाखवायची. गेटवर तात्या म्हणून म्हातारे होते. त्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. आकडा आणि शिक्का बघायचे आणि सोडायचे.

छावणीत एक रीत पडली होती. ज्या दिवशी जनावर न्यायचं, त्या दिवसाचा चारा मालकाचाच. जनावर सकाळी जायचं आणि चारावाटप संध्याकाळी, म्हणून तात्या चिठ्ठी ठेवून घ्यायचे नाहीत. "सांजच्याला येऊन पेंडी न्या," म्हणायचे. पेंडी नेली तरी चिठ्ठी मालकाच्या खिशातच. आणि खुंटा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जनावराला, नंबर तोच. एकदोनदा चाऱ्यावरून भांडणं झाली, कुणीतरी आधीच येऊन पेंडी उचललेली. पण दुष्काळात भांडणाला काय कमी असतं, कुणी मनावर घेतलं नाही.

सर रोज दुपारी मोबाईल घेऊन पाण्याच्या रिकाम्या टाकीवर चढायचे. रेंज तेवढी तिथं यायची. एक दिवस खाली आले ते तोंड पाडून. त्यांच्या एडिटरमध्ये खोट निघाली होती. ज्यांनी तो बनवला त्यांनीच तसं जाहीर केलं होतं. सरांनी ते इंग्रजी हातानं उतरवून आणलं, भिंतीला डकवलं आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं: बाहेरून आलेली फाईल उघडायची नाही.

नाना म्हणाले, "आन् तालुक्याची यादी?"

दर सोमवारी कचेरीतून मंजूर जनावरांची यादी पेनड्राइव्हवर यायची. ती आपल्या यादीशी जुळवून परत पाठवली तरच छावणीला चाऱ्याचे पैसे मिळायचे.

"तीही बाहेरचीच," सर म्हणाले.

"अवो, सरकारी हाय ती."

"तो सरकारी पेनड्राइव्ह दिवसभर कुठल्या कुठल्या मशीनला लागतो, बघितलंय तुम्ही?"

"सर, मशी मोजायची यादी ती. तिच्यात कोण काय घालंल? अमेरिकेतून माणूस येणार हाय का आमच्या मशीवर डोळा ठिवून?"

"माणूस येत नाही नाना, फाईल येते."

नानांनी हात जोडले आणि गेले. ऐकायला मी एकटी उरले, तर सर मला सांगायला लागले. मला न विचारता. माझ्या हातात घासणी होती.

"बाई, ऐका. एडिटरला काही लिहायचं-वाचायचं तर कॉम्प्युटरकडं जागा मागावी लागते. कॉम्प्युटर जागा देतो आणि तिचा नंबर देतो. काम झालं की एडिटर जागा परत करतो. इथवर ठीक. खोट अशी आहे, की एका ठिकाणी तो जागा परत करतो पण नंबर टाकून देत नाही. नंबर खिशात तसाच. थोड्या वेळानं त्याच नंबरावर जातो आणि तिथं जे असेल ते आपलंच समजून वापरतो. तोवर तिथं दुसरंच काही येऊन बसलेलं. आता फाईल बनवणारा लबाड असला, तर तिथं काय येऊन बसावं हे तोच ठरवतो. मग आपलाच एडिटर आपल्याच मशीनवर त्याचं ऐकायला लागतो. कळलं?"

मी मान हलवली. त्यांना वाटलं असेल, उगाच हलवली. पण मला कळलं होतं. खुंटा रिकामा झाला, दुसरं जनावर बांधलं, आणि जुनी चिठ्ठी पहिल्याच्या खिशात. सर जे सांगत होते ते आमच्या गेटवर रोज चाललं होतं. माझ्या अगदी ओठावर आलं. पण सर शिकलेले, चिठ्ठ्या त्यांनीच छापलेल्या, आणि मी कॅन धुणारी. आपलंच काहीतरी चुकत असेल असं वाटलं. मी कॅन पालथे घालायला बाहेर गेले.

दुरुस्त केलेला नवा एडिटर निघाला होता. तो आणून बसवेपर्यंत बाहेरची फाईल बंद, असा सरांचा उपाय. तोवर तालुक्याची यादी अशी यायची: पेनड्राइव्ह कडा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जायचा, तिथं यादी छापून घ्यायची, आणि कागद संस्थेत आला की तो कुणीतरी वाचायचा आणि सरांनी पहिल्यापासून टाईप करायचा. मी धीर करून म्हणाले, "दुकानवाल्याच्या मशीनला काय झालं तर?" सर म्हणाले, "त्याच्या मशीनमध्ये लग्नपत्रिका आहेत. आपल्या मशीनमध्ये छावणी आहे."

वाचायला कोण? नानांनी चष्मा घरी राहिला म्हणून सांगितलं. तो त्यांच्या कपाळावर होता. उरले मी.

चौथीनंतर मी मोठ्यानं कधी वाचलं नव्हतं. सोमवार-मंगळवार, दोन दिवस त्या खोलीत बसून मी वाचायचे. "गाय, पांढरी, शिंगं आखूड, दावण दोन." "ठेवलं." "म्हैस, उजवा कान फाटका, दावण दोन." "मोठ्यानं, बाई. मला ऐकू येत नाही." पुन्हा म्हैस, पुन्हा कान. एखाद्या नावावर अडखळले की सर ती ओळ पुसायचे आणि सुरुवातीपासून वाचायला लावायचे. सगळं झालं की उलट ते वाचणार आणि मी कागदावर बघून हूं म्हणायचं. बाहेर कॅनवर माशा घोंगावत असायच्या आणि माझा जीव छावणीत. बाकीच्या बाया दिवसभर आपापल्या जनावरापाशी बसायच्या. माझी चांदी सोमवार-मंगळवारी एकटी.

मी नानांकडं गेले, म्हणाले, मला वाचायला लावू नका, माझी गाय दिवस भरत आलेली आहे. एवढं बोलायला मला आठवडा लागला होता. नाना म्हणाले, "अक्का, मी काय करू? त्या माणसाला फाईल उघड म्हनलं की अंगावर येतो. नवा पोग्राम बसंस्तोवर कड काढ."

नवा एडिटर सरांनी एका शनिवारी आष्टीला जाऊन आणला. मला हायसं वाटलं. पण तोही बाहेरूनच आला होता, म्हणून तो तपासायचा. बनवणारे त्याच्याबरोबर एक लांबलचक खूण देतात, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळून चौसष्ट. ती सरांनी टाकीवर बसून मोबाईलवरून कागदावर उतरवली होती. आणलेल्या एडिटरची खूण आमच्या कॉम्प्युटरनं पडद्यावर काढून दाखवली. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर माल खरा.

"एका माणसानं जुळवायचं नसतं," सर म्हणाले. "मन चालवून घेतं. तुम्हाला इंग्रजी येत नाही ना? उत्तम. तुम्ही नुसता आकार बघा."

म्हणजे मी न शिकल्याचाही त्यांनी उपयोग काढला. ते कागदावरचं एकेक अक्षर बोटानं दाखवणार आणि मी पडद्यावर बघून तसंच आहे का सांगायचं. चाळिसाव्याच्या पुढं कुठंतरी मी थांबले. कागदावर अर्धं कडं होतं, पडद्यावरच्या कड्याच्या पोटात रेघ होती. तसं सांगितलं. सरांचा चेहरा उजळला. इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते सापडलं असा. दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही, आणलेलं सगळं पुसून टाकलं. आता पुढच्या शनिवारी पुन्हा आष्टी.

दहा-बारा दिवसांनी सरांनी पडदा पुसला तेव्हा ती रेघ फडक्याबरोबर आली. माशीची घाण होती. बटणं रोज घासणाऱ्या माणसानं पडद्याला कधी फडकं लावलं नव्हतं. पण हे कळेपर्यंत मधला मंगळवार होऊन गेला होता.

त्या मंगळवारी दिवस मावळायच्या आधी मी यादीतून सुटले आणि छावणीत गेले. सत्त्याऐंशी नंबरचा खुंटा रिकामा होता. अर्धी वैरण तशीच पडलेली, शेण अजून ओलं. मला वाटलं, पाण्यावर नेली असेल कुणी. शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, तुझ्या सासरचा गडी आलता न्हवं? चिठ्ठी दावून घेऊन गेला की. मला वाटलं तूच धाडलंस."

मी पदराची गाठ सोडली. माझी चिठ्ठी माझ्याजवळ होती.

गेटवर तात्यांनी मला बघताच हात जोडले. "सत्त्याऐंशीचा आकडा व्हता, शिक्का व्हता. म्या काय करावं, पोरी?"

मी सरांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. हातही धुतले नव्हते, आणि त्या दिवशी त्यांनी ते म्हटलं नाही. तात्यांनी मागून येऊन सांगितलं काय झालं ते. सरांनी जुनी यादी काढली. तीन महिन्यांपूर्वी सत्त्याऐंशीवर घाटाकडच्या वस्तीवरच्या एका माणसाची गाय होती. ती त्यानं विकायला म्हणून नेली होती, संध्याकाळी पेंडी नेली होती, आणि चिठ्ठी त्याच्यापाशीच राहिली होती. त्या खुंट्याला नंतर माझी चांदी.

दुसऱ्या दिवशी नाना आणि सर त्या वस्तीवर जाऊन आले. घराला कुलूप. तो माणूस गाय बाजारात एका व्यापाऱ्याला देऊन टोळीबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला गेला होता. व्यापाऱ्याची गाडी कुठं गेली ते कुणाला सांगता येईना. चौकीत सांगितलं, तर तिथले म्हणाले, चिठ्ठी दाखवून, शिक्का दाखवून नेलेलं जनावर, ही चोरी लिहायची कशी.

संस्थेत मी कोपऱ्यात उभी होते. सर खुर्चीत नुसते बसले होते, पडदा बंद. काय झालं कुणास ठाऊक, मी बोलले. "सर, तुमी त्या दिवशी एडिटरचं सांगितलं, तवाच मला ह्ये कळलं व्हतं. जुनी चिठ्ठी खिशात ऱ्हाती म्हणून."

सरांनी मान वर केली. इतके दिवस माझ्याशी पुस्तकी बोलणारा माणूस एकदम म्हणाला, "मग कावून बोलला न्हाईत?"

"तुमी शिकलेले," मी म्हणाले.

ते भिंतीकडं वळले. भिंतीवरचा स्वतःचा कागद वाचत राहिले. मला त्या माणसाचा संताप आला होता, अजूनही येतो. सातासमुद्रापलीकडून येणाऱ्या चोरासाठी त्यानं दोन महिने आमचा जीव खाल्ला, आणि तीच वाट स्वतःच्या हातानं छापून गावात वाटून ठेवली. पण संताप पुरता करता येत नव्हता. तोंड उघडून एक वाक्य बोलले असते तर चांदी जागेवर असती, हेही मला माहीत होतं.

त्याच दिवशी सरांनी छावणीची रीत बदलली. गेटवर आधी चिठ्ठी घ्यायची, फाडायची, मग दावं सोडायचं. त्या दिवसाची पेंडी सकाळीच द्यायची. सुटलेल्या खुंट्याचा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, खुंटा नव्या नंबरानं रंगवायचा. चिठ्ठीवर नाव, बापाचं नाव आणि जनावराची खूण. चारही ज्ञानोबा नीट ओळखू यायला लागले. नंबर रंगवायचं काम माझ्याकडं आलं, कॅनवर टाकत होते म्हणून. शेवटपर्यंत एकही जनावर पुन्हा चुकून गेलं नाही. नवा एडिटरही बसला, आणि सर तालुक्याची फाईल उघडायला लागले. आमच्या कॉम्प्युटरला कधी काही झालं नाही. ते सरांनी दार लावून ठेवलं म्हणून, की येणारंच कुणी नव्हतं म्हणून, हे नाना आणि सर शेवटपर्यंत भांडत राहिले.

गायीचं काय, यावर संस्थेची बैठक झाली. नाना म्हणाले, "चिठ्ठी बघून जनावर सोडलं. संस्थेचा कागद चोख हाय. संस्था कशी भरंल?"

सर म्हणाले, "कागद चोख होता म्हणूनच गेली. चिठ्ठी मी काढली. मी भरतो."

त्यांनी तीन व्यापाऱ्यांना विचारून गाभण गायीची किंमत काढली, छत्तीस हजार. नाना तिसात मिटवा म्हणाले, तर सर त्यांच्यावरच तापले. पगार सात हजार होता त्यांचा. महिन्याला दोन हजार द्यायचे ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

आणि इथून दुसरा वैताग सुरू झाला. पैसे गुपचूप द्यावेत ना. नाही. सकाळी दुधाची रांग भरली की सर सगळ्यांसमोर हाक मारायचे, "बाई, दुसरा हप्ता." मी लाजेनं अर्धी व्हायचे. रांगेतून कुणीतरी म्हणायचं, "सर, आमालाबी एखादा लावा." सर नानांना साक्षीला उभे करायचे, मला नोटा मोजायला लावायचे, वहीत सही घ्यायचे. मी एकदा म्हणाले, घरी ठेवून जा की. ते म्हणाले, "एकट्या बाईच्या घरी पैसे ठेवून गेलेलं गावाला कळत नाही, आणि गावाला जे कळत नाही त्याची गाव गोष्ट करतं." हे खरंच होतं, म्हणून जास्तच राग आला.

मालक ऊसतोडीहून आले. त्यांना गायीचं फोनवर कळलं होतं, पण हप्त्यांचं ऐकून ते उठलेच. "माझ्या बायकूला पैशे देनारा ह्यो कोन?" म्हणत संस्थेत गेले. तासाभरानं परत आले ते ओल्या हातांनी. सरांनी त्यांना हात धुवायला लावून वहीत साक्षीदार म्हणून सही घेतली होती. मालक ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "त्या मानसाशी भांडावं कसं, त्येच कळंना."

नववा हप्ता झाला तेव्हा मी सरांना थांबवलं. "अर्धे झाले. आता देऊ नका. अर्धी चूक माझी हाय."

"तुम्हाला कळलं होतं, हे खरं," सर म्हणाले. "पण चिठ्ठ्या काढायचा पगार मला होता."

पुढं छावणी उठली. जनावरं ज्याची त्याच्या गोठ्यात गेली आणि नानांनी सरांना सांगितलं, आता संस्थेला एवढा पगार झेपत नाही. सर कड्याला त्याच झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाईप करायला बसायला लागले. महिन्याचे दोन हजार जाऊन हजार झाले, मग पाचशे. तेही नेमक्या तारखेला, सायकलवर, रांगेसमोर. मग एकदा दोन महिने आलेच नाहीत. रांगेत बोलणं सुरू झालं. "पळाला तुझा सर." "शिकलेली मानसं अशीच बुडवत्यात, अक्का." "पैलं देऊन इस्वास बसवायचा आन् मागचं गिळायचं." मी कॅन घासत खाली बघत राहायचे. हा माणूस मला नको झाला होता, त्याची वही, त्याचे हप्ते, सगळं नको झालं होतं. पण तो पळालेला नाही हे मला माहीत होतं, आणि ते मी एकदाही म्हटलं नाही.

तिसऱ्या महिन्यात आले. वाळले होते, काविळीतून उठले होते म्हणे. रांग भरलेली. सायकल भिंतीला लावली, नानांना बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "बाई, शेवटचा हप्ता. दोन महिने चुकले, म्हणून एकदम." रुमालात दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा होत्या, घडी घालून घालून मऊ झालेल्या. मी हात धुतले. एकेक नोट कट्ट्यावर मांडून मोजली. नानांनी वहीत आधीचे सगळे हप्ते पुन्हा मिळवून बघितले. छत्तीस हजार झाले.

"बरोबर?" सरांनी विचारलं.

रांगेत ती सगळीच माणसं होती, दोन महिने बोलत असलेली. मी नेहमीसारखी मान हलवून आत जाऊ शकले असते. मी सही केली, रांगेकडं तोंड केलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. सरांनी माझं एकूणएक दिलं. एक रुपया ऱ्हायला न्हाई. आजपून कुनी त्यांच्या माघारी काई बोलायचं न्हाई."

पलीकडं काट्यावर वजन घेणारा माणूस हातातलं माप तसंच धरून माझ्याकडं बघत राहिला. सरांनी वही मिटली. मी पैसे पदरात बांधले आणि उरलेले कॅन धुवायला घेतले.